टोकियोत बिऱ्हाड थाटताना

प्रश्न : माझ्या यजमानांची भारतातील कंपनीतर्फे तीन वर्षांसाठी टोकियोला बदली झाली असून त्यांचे कार्यालय ओतेमाची येथे असेल. आमची मुलगी सात वर्षांची आहे. ओळखीचे सर्वजण निशि-कासाईतच घर घेण्याचा आग्रह करतात, कारण तेथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. घर निवडताना काय पाहावे, पोहोचल्यावर आधी कोणती कामे उरकावीत आणि मुलीला कोणत्या शाळेत घालावे? आम्हा तिघांनाही जपानी येत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या तिन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे तुमचा टोकियोतील पत्ता. नारिता किंवा हानेदा विमानतळावर उतरताच तुम्हाला रहिवासी कार्डे मिळतील, परंतु कार्डाच्या मागच्या बाजूवर पत्त्याची नोंद होईपर्यंत त्याच्या आधारे फारशी कामे होत नाहीत. बँकेतले खाते, आरोग्य विमा आणि शाळेतला प्रवेश या सगळ्यांसाठी तो पत्ता लागतो. राहण्याची जागा ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड कार्यालयात, म्हणजे कुयाकुशोत, ही नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे. कंपनी सुरुवातीला तात्पुरती सदनिका देणार असेल, तर त्या पत्त्यावर नोंदणी चालेल का, हे येथून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

कुयाकुशोत जाताना एक कागद हमखास राहून जातो. कुटुंबप्रमुख परदेशी नागरिक असेल तर पत्नी आणि मुलांचे त्याच्याशी असलेले नाते कागदोपत्री सिद्ध करावे लागते, म्हणून विवाहाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला, तसेच भाषांतरकाराचे नाव असलेले त्यांचे जपानी भाषांतर सोबत ठेवावे. पत्त्याची खिडकी आटोपली की त्याच इमारतीत पुढची कामेही उरकून घ्यावीत. मुलांच्या भत्त्याचा अर्ज शक्यतो त्याच दिवशी द्यावा. परदेशी रहिवाशांनाही तो मिळतो आणि सात वर्षांच्या पहिल्या अपत्यासाठी तो दरमहा १०,००० येन आहे; मात्र अर्ज १५ दिवसांत न दिल्यास उशिराच्या महिन्यांचे पैसे बुडतात. आरोग्य विमा झाल्यावर मुलीच्या वैद्यकीय खर्चासाठीचे वेगळे कार्डही मागून घ्यावे. मोठ्या माणसाला डॉक्टरच्या बिलाचा ३० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो, परंतु टोकियोच्या २३ वॉर्डांत शाळकरी मुलांचा तो वाटाही वॉर्ड उचलतो.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न भारतातच सोडवून निघावे. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आहे. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र दाखवून जपानच्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतून सूट मिळते. ही सूट आरोग्य विम्याला लागू नाही.

आता एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाईविषयी. ओतेमाचीला गाडी न बदलता नेणारा तोझाई हा मेट्रो मार्ग, किराणा सामानाची भारतीय दुकाने, एदोगावा आणि शेजारच्या कोतो वॉर्डातील भारतीय शाळा, ही सोय खरी आहे आणि पहिल्या वर्षी तिचा मोठा आधार वाटतो. एदोगावातून २०१९ साली मराठी कुटुंबातले योगेंद्र पुराणिक वॉर्ड सभेवर निवडून आले, यावरून आपल्या लोकांचे तेथील मूळ किती घट्ट आहे याची कल्पना यावी. तरीही दोन गोष्टी मी स्पष्ट सांगेन. सकाळच्या वेळी तोझाई मार्गावरची गर्दी टोकियोतल्या सर्वाधिक गर्दींपैकी एक आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे : नद्यांच्या मुखाशी वसलेल्या या वॉर्डाचा बराचसा भाग भरतीच्या पातळीखाली आहे, आणि वॉर्डानेच २०१९ मध्ये घरोघर पोहोचवलेल्या पूर-नकाशात, महापुराचा इशारा मिळताच वॉर्डाबाहेर जावे, असे रहिवाशांना सांगितले आहे. म्हणून तेथे घर घेतलेत तर वरच्या मजल्यावरचे घ्यावे आणि तो नकाशा पहिल्याच आठवड्यात वाचावा. घर कोठेही घेतले तरी इमारतीला बांधकामाची परवानगी जून १९८१ नंतर मिळाली आहे ना, हे दलालाला विचारावे. भूकंपासाठीचे कडक नियम तेव्हापासून लागू झाले.

खासगी घराच्या करारात अनामत, घरमालकाला द्यायची व परत न मिळणारी ‘रेइकिन’, दलाली, हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क आणि आगाऊ भाडे मिळून चार-सहा महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हातात असावी लागते. यूआर या सार्वजनिक संस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली, हमीदार किंवा करार-नूतनीकरणाचे शुल्क यांपैकी काहीच लागत नाही. इमारती जुन्या असल्या तरी तीन वर्षांसाठी मला हा पर्याय अधिक शहाणपणाचा वाटतो.

राहायला गेल्यावर शेजाऱ्यांशी संबंध कशावरून बिघडतात, तर कचरा आणि आवाज यांवरून. ठरलेल्या दिवशी सकाळी आठच्या आत, पारदर्शक पिशवीत, कावळ्यांसाठी घातलेल्या जाळीच्या आत कचरा ठेवावा, आणि जाळीची कडा पुन्हा नीट दाबून टाकावी. आदल्या रात्री ठेवलेली पिशवी कोणाची, हे इमारतीत सर्वांना कळते. जुने कपाट किंवा गादी टाकायची तर आधी वेळ नोंदवून, दुकानातून शुल्काची चिकटपट्टी विकत घेऊन ती वस्तूवर लावावी लागते. मुलगी घरात धावत असेल तर जाड गालिचा घालावा, आणि पहिल्या दोन-चार दिवसांत छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा घेऊन शेजारी व खालच्या मजल्यावर तिघांनी भेटून यावे. भाषा आली नाही तरी नमस्कार पोहोचतो.

शाळेबाबत माझे मत ठाम आहे. तीन वर्षांनी परतणे निश्चित असेल तर भारतीय शाळा सोयीची, कारण अभ्यासक्रम तुटत नाही. मुदत वाढण्याची थोडी जरी शक्यता असेल तर वॉर्डाच्या प्राथमिक शाळेचा विचार जरूर करावा. परदेशी मुलांवर तिची सक्ती नाही, मात्र मागितल्यास प्रवेश मिळतो, शिक्षण व पाठ्यपुस्तके मोफत असतात आणि सात वर्षांचे मूल वर्गमित्रांमध्ये भाषा फार लवकर उचलते. शाकाहारी असाल तर डबा पाठवण्याविषयी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवावे, कारण माध्यान्ह भोजनातील भाज्यांच्या रश्शातही बहुधा मासळीचा अर्क असतो.

प्रश्न : मी दीड वर्षापासून टोकियोत नोकरी करीत आहे. पगार वाढूनही या जूनपासून हातात कमी पैसे येतात. कंपनी ‘रहिवासी कर’ असे कारण सांगते. भारतात आईवडिलांना मी दरमहा पैसे पाठवतो, त्याचा काही उपयोग होईल का?
– एक वाचक, टोकियो

उत्तर : कंपनीचे म्हणणे बरोबर आहे. हा कर मागील वर्षी जानेवारी ते डिसेंबर या काळात जपानमध्ये झालेल्या उत्पन्नावर, साधारण करपात्र रकमेच्या १० टक्के दराने, १ जानेवारीला तुम्ही जेथे राहत होता तेथील वॉर्ड आकारतो, आणि तो जून ते पुढच्या मेपर्यंत पगारातून कापला जातो. पहिल्या वर्षी मागचे उत्पन्नच नसल्यामुळे तो लागत नाही. जपान सोडतानाही याच कारणामुळे बाकी राहते. १ जानेवारीनंतर निघालात तर त्या वर्षीचा कर आगाऊ भरावा लागतो किंवा तो भरण्यासाठी जपानमध्ये प्रतिनिधी नेमावा लागतो.

आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर सवलत मिळू शकते. त्यासाठी नात्याचा दाखला आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या, जपानी भाषांतरासह, वर्षअखेरीस कंपनीला द्याव्यात. २०२३ पासून परदेशातील ३० ते ६९ वर्षे वयाच्या नातेवाइकांसाठी, अपंगत्वासारखे अपवाद वगळता, वर्षाला प्रत्येकी किमान ३,८०,००० येन पाठवल्याचा पुरावा लागतो. दोघांची रक्कम वडिलांच्याच खात्यात जात असेल तर आईसाठी सवलत मिळत नाही. आईच्या नावाचे खाते उघडून पुढच्या महिन्यापासून तिचे पैसे तेथेच पाठवावेत.