फलकावर नाव नसलेले माजी विद्यार्थी

टी.वाय.बीएस्सी. रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी जुलैत वडिलांसोबत समुपदेशनाला आली. वडील यंत्रमागावर कामाला. बसता बसताच म्हणाले, "मॅडम, पोरगी शिकू दे की, माझी ना नाही. पण एमएस्सीला अजून दोन वर्षं घालवून पुढं काय?"

सोलापुरातल्या अनेक घरांत हाच प्रश्न असतो. त्यात शिक्षणाला विरोध नाही, घरखर्चाचा हिशेब आहे. "विज्ञानाला खूप स्कोप आहे" एवढंच सांगितलं, तर तो माणूस रिकाम्या हातानं परत जातो.

मुलीकडे पुरावा म्हणून मोबाइलमध्ये एक फोटो होता: विभागाबाहेरचा गुणवंतांचा फलक. पण फलकावर प्रत्येक तुकडीतले दोघं-तिघंच असतात. बाकीचे कुठं गेले, यातच वडिलांचं उत्तर होतं. म्हणून तिला काम दिलं: मागच्या पाच तुकड्यांच्या हजेरीपटावरून, निकाल न बघता, प्रत्येकी दोन नावं काढायची. नंबर मिळवायला प्रयोगशाळा सहायकांना विचारायचं. कोण कुठं लागलं, हे त्यांना बरेचदा प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

पहिल्या खेपेला तिनं सगळ्यांना एकच मेसेज टाकला, "एमएस्सीबद्दल गाइड करा." एकाचंही उत्तर नाही. येणार तरी कसं? त्याला अर्धा तास लिहावं लागतं. मग मेसेज असा केला: "नमस्कार ताई, मी टी.वाय. केमिस्ट्रीला आहे. तुमचा नंबर लॅबमधल्या काकांनी दिला. शेवटच्या सत्रातल्या प्रोजेक्टला तुम्ही स्वतः कोणतं मशीन हाताळलं, एवढंच विचारायचं होतं." दहापैकी सात जणांनी उत्तर दिलं. एकीनं तर रात्री फोनच केला.

पुढच्या भेटीत वहीत चार रकाने भरलेले होते: प्रोजेक्ट, मशीन, पहिल्या पगारापर्यंतचे महिने, आज काय करतात. ज्यांनी एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतः नमुने चालवले होते, ते औषध कंपन्यांच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात लवकर लागले होते. ज्यांचा प्रोजेक्ट जुन्या प्रबंधावरून उतरवलेला होता, ते मुलाखतीत अडले. कारण तिथं विचारतात ते अगदी हाताशी आलेलं: आलेखातलं शिखर शेपटासारखं का लांबतं? यंत्राच्या कॉलममधल्या (नळीतल्या) सिलिकावरचे सिलॅनॉल गट आम्लारिधर्मी पदार्थाला धरून ठेवतात, म्हणून मोबाइल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाचा, पीएच सांभाळावा लागतो. ज्यानं मशीन चालवलंय, त्याला हे पाठ करावं लागत नाही.

त्यामुळे वडिलांचा प्रश्न बदलला. आता विचार होता तो एमएस्सी कोणत्या विभागात करायची, याचा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एमएस्सीच्या दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांची ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण), तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. प्रवेशाआधी विचारायचं ते हेच: मागच्या वर्षी मुलं ओजेटीला कुठं गेली आणि मशीनवर प्रत्येकाची पाळी येते का? ओजेटीचं नुसतं प्रमाणपत्र आणणाऱ्यांचं मोठं नुकसान होतं. ते कळतं दोन वर्षांनी.

एमएस्सीला आयआयटीत जायचं असेल तर जॅम या प्रवेश परीक्षेचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरावा लागतो. परीक्षा फेब्रुवारीत: ३ तास, ६० प्रश्न, १०० गुण. उणे गुण फक्त एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना आहेत. आकडी उत्तराचे प्रश्न मात्र बिनधास्त सोडवावेत. टी.वाय.ची मुलंही बसू शकतात, हे उशिरा कळल्यानं कित्येकांचं वर्ष हुकतं.

कला शाखेसाठी रकाने वेगळे. एम.ए. झालेल्यांना सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या किती प्रयत्नांत यश आलं, तोवर घर कशावर चाललं, तासिका तत्त्वावरचे पैसे किती महिन्यांनी हातात आले, हे विचारावं. नेटसाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात. ५४ वर अडकलेला माजी विद्यार्थी हे जितक्या कळकळीनं सांगेल, तितकं कोणताच फलक सांगणार नाही.

वडिलांनी वहीतला तिसरा रकाना दोनदा वाचला. "ही सात महिनेवाली, हिच्याशी मी बोलू का?" मुलीनं नंबर लावून दिला. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन वीस मिनिटं बोलत होते. आत आल्यावर विद्यापीठाची केगावची लॅब बघायला कोणत्या वारी जाता येईल, एवढंच त्यांनी विचारलं.