ट्यूबलाइट बंद करा, आजीला बसवा

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. मोबाइलवरचे फोटो बघून पेन्सिलीनं माणसांचे चेहरे काढते. ओळखीचे लोक चारशे-पाचशे रुपये देऊन काढून घेतात. क्लासचे सर मात्र म्हणतात, चेहरे चपटे वाटतात. तिला बीएफए, म्हणजे चित्रकलेची पदवी, करायचीय. करू द्यावं का?
– एक वडील, महाल, नागपूर

उत्तर : सोबतची तिन्ही चित्रं पाहिली. साम्य छान साधलंय, आणि सरांचं म्हणणंही खरं आहे. फ्लॅशचा उजेड समोरून पडतो, सावल्या चेहऱ्यामागे जातात, मग नाकाला उठाव कुठून येणार? त्यावर तिनं सगळं कापसानं घासून गुळगुळीत केलंय. (ही खोड मोडायला मला स्वतःला दोन वर्षं लागली.)

आधी प्रवेशाचं सांगतो. कॉमर्समुळे काही अडत नाही. बीएफए चार वर्षांचं, त्यासाठी एएसी सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलेचं सामान्यज्ञान असतं. फोटोवरून चेहरा उतरवण्याचा तिथे फारसा उपयोग नाही, छायाप्रकाशाचा मात्र पदोपदी आहे. शासकीय चित्रकला महाविद्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे मुंबईच्या खर्चाची धास्ती आत्ताच घेऊ नका.

तीन महिने ऑर्डरी बंद. पहिला आठवडा फक्त संत्रं. ओट्यावर ठेवायचं, खोलीतला बाकी उजेड घालवायचा आणि एका बाजूनं टेबललॅम्प लावायचा. डोळे किलकिले करून बघितलं की दोनच भाग दिसतात, उजेड आणि सावली. आधी त्यांची सीमा काढायची. सालीवरची बारीक छिद्रं या सीमेपाशीच सर्वांत ठळक दिसतात, कारण उजेड तिथे घासून जातो. आणि सर्वांत गडद जागा कडेला नसते, थोडी आत असते. कडेवर ओट्याचा उजेड परतून येतो. तुमच्या मुलीनं तिन्ही चित्रांत गालांच्या कडा काळ्या केल्यात, बघा.

मग त्याच दिव्यापुढे आजी. कपाळ गोल, म्हणून तिथे सावली हळूहळू विरते. नाकाची ओठावर पडलेली पडछाया मात्र धारदार. ही मऊ कड आणि ती कडक कड वेगळी काढता आली, की चेहरा कागदावरून उठतो. ४बी पेन्सिल, चाळीस मिनिटं, घासणं नाही.

रविवारी अजब बंगल्यात न्या. १८६३ पासूनचं संग्रहालय आहे, आणि तिथली दगडी शिल्पं कंटाळून उठून जात नाहीत. वही आत नेता येते का ते दारावर विचारा. बाहेर स्केचिंग करायचं तर सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर. आपल्याकडचं दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा दिसतात.

तीन महिन्यांनी चित्रं पाठवा, मग तिला बीएफएला पाठवायचं की नाही ते बोलू. प्रत्येकावर तारीख हवी, फसलेलीही हवीत. आजींना डुलकी लागली तर उठवू नका. मान कलली की हनुवटीखालची सावली बदलते, तीही काढू दे.