तुम्ही खऱ्या इंग्लिश आहात का?

"मॅडम, मी इथे लोकांना फसवतेय असं वाटतं." फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीची सहायक म्हणून गेलेल्या मुलामुलींकडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली स्क्रीनवर चेहरा दिसला की ते येणार हे कळतं. पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांना ही नोकरी ठाऊक असते. ऑक्टोबर ते एप्रिल असे सात महिने, आठवड्याला १२ तास काम, हातात महिना साधारण ८०० युरो. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: इंग्रजी शिकवायला भारतातून कशाला माणूस नेतील? गंमत म्हणजे नोव्हेंबर उजाडेपर्यंत मुलंही स्वतःला हेच विचारू लागतात.

रेणुका त्यातलीच. (नाव आणि तपशील अर्थातच बदललेत.) साताऱ्याकडची, मराठी माध्यमातली. नेमणूक एका लहान गावातल्या लिसेत, म्हणजे साधारण आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांत. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "तुम्ही खऱ्या इंग्लिश आहात का?" वर्ग हसला. त्या रात्रीपासून ती मालिका लावून ब्रिटिश उच्चार घोटू लागली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. आईचा रात्री नऊचा फोन साडेपाचऐवजी साडेचारला येऊ लागला. फोन ठेवला की बाहेर अंधार पडायला लागलेला. तिसऱ्या भेटीत म्हणाली, "परतच येते."

"तू इंग्लिश असायला हवीस, असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं, मॅडम? शिकवायचं तर त्यांच्यासारखं बोलता यायलाच पाहिजे."

"यातला 'च' कुणाचा?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. 'पाहिजेच', 'व्हायलाच हवं' यांतला 'च' पकडणं हा माझा हातखंडा. त्या दिवशी मात्र तो चालला नाही. ती म्हणाली, "'च' काढला तरी मुलं हसणारच." बरोबर होतं तिचं.

पुढच्या वेळी मी विचारलं, "अर्ज कुठल्या देशातून केला होतास?"

"भारतातून."

"लपवलं होतंस का कुणापासून?"

ही योजना १९०५ पासूनची. इंग्रजीसाठी भारतातली मुलं आज तिथे जाणूनबुजून घेतली जातात, चुकून नव्हे. हे तिला पटलं, पण डोक्याला. चेहरा तसाच.

"हसतात तरी नेमकं कशाला?"

"जहाजवालं शिप आणि मेंढीवालं शीप. माझी दोन्ही सारखीच येतात."

"आणि मुलांची?"

"त्यांचीही. फ्रेंचमध्ये 'ई' एकच ना."

"शाळेत ऱ्हस्व-दीर्घात किती मार्क घालवलेस गं?"

ती पहिल्यांदा हसली. "बाईंनी अख्खी वही लाल केली होती!"

"मग सुधारलं कसं?"

"बाई हवेत बोट फिरवायच्या. पहिली वेलांटी, दुसरी..." आणि ती थांबली.

मीही थांबले. इतक्या वर्षांत एवढं नक्की शिकले, की अशा वेळी तोंड उघडायचं नाही. मिनिटभराने तीच म्हणाली, "मॅडम, हे अडखळणं मला आतून माहिताय. खऱ्या इंग्लिश बाईला ते कुठून माहीत असणार?"

एलिस लोकांना भुयारी रेल्वेत स्टेशनांची नावं मोठ्याने ओरडायला सांगत. लाज वाटते, आणि तरी काही कोसळत नाही, हे अंगावर घेऊन बघायचं. मी तिला सांगितलं, वर्गात जाऊन स्वतःच सांग, की माझीही जीभ इथेच अडकते. तिने एक पाऊल पुढे जाऊन फळ्यावर देवनागरीत लिहिलं: शिप, शीप. उच्चारशास्त्रवाले नाक मुरडतील, पण तास रंगला.

आता जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते, की सहायक म्हणजे शिक्षक नव्हे. व्याकरण आणि गुण शिक्षिकेकडे, बोलती भाषा आणि आपला देश तुमच्याकडे. माझ्याकडून काय हवंय, हे तिला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. न विचारता अंदाज बांधणारेच पुढे 'मी फसवतेय'वर येतात. आणि आठवड्याच्या १६८ तासांतले १२ च नोकरीचे आहेत. मन खातात ते उरलेले. लहान गावात रविवारी दुकानंही बंद असतात. गाण्याचा गट, बॅडमिंटन क्लब, काहीही चालेल, पण नाव ऑक्टोबरातच घाला. नोव्हेंबरात घराबाहेर पडवत नाही. दोन महिन्यांचा खर्च सोबत न्या, पहिल्या पगाराआधी भाडं आणि डिपॉझिट उभं असतं. आईवडिलांनी रोज 'जेवलीस का' जरूर विचारावं, 'रुळलीस का' मात्र नको. परत यायचा निर्णय संध्याकाळच्या फोनवर घेऊ नका, सकाळी घ्या. परत येण्यात कमीपणा नाही. पण झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल तर माझ्या युक्त्या राहू द्या, डॉक्टर गाठा. जगणं नको वाटू लागलं, तर दोन आठवडेही थांबू नका. फ्रान्समध्ये त्यासाठी ३११४ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मार्चमध्ये रेणुकाने एक फोटो पाठवला. 'खऱ्या इंग्लिश का' विचारणाऱ्या मुलाची वही. रोमन अक्षरांतल्या मेंढीवर त्याने निळ्या पेनाने दुसरी वेलांटी काढली होती, ती पण उलट्या बाजूला.