पळसाचं पिवळं पाणी

ईरा,

काल आंघोळीच्या वेळी तू विचारलंस, "आई, या फुलांनी माझी खाज खरंच कमी होते, की तुला घरची आठवण येते म्हणून मला यात बसवतेस?" मी "आधी अंग पूस" म्हणाले आणि विषय टाळला. नंतर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मराठीत लिहितेय, अडलं तर बाबाला विचार.

आजीच्या पार्सलमधली ती वाळकी, विटकरी फुलं पळसाची. वाळल्यावर त्यांच्यात काही उरत नाही गं, त्यामुळे तुला तो कचरा वाटला तर नवल नाही. झाडावर असताना बघायला हवीत. किनवटला आपल्या शेताच्या बांधावर पळस होते. पळसाला पानं तीनच म्हणतात, पण शिमग्याच्या सुमाराला एकही नसतं. काळ्या वाकड्या फांद्या आणि त्यांवर नुसती केशरी फुलं. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार, देठाशी मखमली काळपट टोपी. वास जवळजवळ नाहीच. सकाळी झाडाखाली सडा पडलेला असायचा. मी आणि नंदूमामा फ्रॉकच्या, सदऱ्याच्या ओच्यात फुलं गोळा करायचो, मुंग्या झटकत. त्यातली अर्धी धुळवडीच्या रंगाला जायची. पाण्यात उकळायची, आणि चुन्याची निवळी घातली की पिवळा रंग बघता बघता गडद केशरी व्हायचा. उरलेली आजी जुन्या लुगड्यावर सावलीत वाळवून डालड्याच्या डब्यात भरायची. ती उन्हाळाभर आमच्या आंघोळीला.

तिकडचा उन्हाळा तू दोनदाच पाहिलास, तोही कूलरच्या खोलीतून. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जायचा. गळ्याभोवती, पाठीवर, काखेत घामोळ्या यायच्या, आणि त्यावर घाम आला की सुया टोचल्यासारखं व्हायचं. पाणी एका हापशाचं, तेही नंबर लावून. म्हणून आम्हा तिघा भावंडांना मिळून एक घंगाळ. आजी सकाळीच त्यात मूठभर फुलं टाकून ते अंगणात उन्हाला ठेवायची. दुपारपर्यंत पाणी पिवळंधमक आणि कोमट. मग एकेकाला दगडावर बसवून तांब्या-तांब्याने ओतायची. मधेच एखादी भिजलेली पाकळी पाठीला चिकटायची आणि मी ओरडायचे, पाल पडली म्हणून. "ओरडायलीस काऊन गं, फूल हाय ते," असं म्हणत ती ओल्या हाताने पाठीवरून वरपासून खालपर्यंत एकदाच हात फिरवायची. शेतातल्या कामाने तिचा तळवा खरखरीत झालेला, आणि घामोळ्यांवर तो खरखरीतपणाच बरा वाटायचा.

आता सांग, मला बरं कशाने वाटायचं? फुलांनी, पाण्याने, की त्या हाताने? मला हे वेगळं काढता येत नाही. कालच्या तुझ्या प्रश्नाने मला तेच करायला लावलं, म्हणून तो लागला.

आजीलाही सगळं फुलांवर सोडता आलं नव्हतं, तेही सांगते. मी चौथीत असेन, नंदूमामाच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ उठलं. रात्री खाजवून खाजवून रडायचा. आजीने आठवडाभर पळसाचं पाणी केलं. तोवर मला खाज सुटली, मग मावशीला. शेवटी आजोबा सगळ्यांना दवाखान्यात घेऊन गेले. खरूज होती. ती कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यांनी होते आणि फुलांच्या पाण्याने ते मरत नाहीत. घरातल्या प्रत्येकाने गळ्यापासून पायापर्यंत औषध लावलं, कपडे-पांघरुणं उकळली, तेव्हा ती गेली. त्यानंतर आजी त्या पाण्याला कधी औषध म्हणाली नाही. "थंडावा देतंय, एवढंच," म्हणायची.

काल रात्री मी फोनवर शोधतही बसले. पळसाच्या फुलांत ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन, ब्युटीन अशी द्रव्यं असतात आणि प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींवर त्यांनी दाह कमी केल्याचं दिसलं आहे. वाचून मला इतका आनंद झाला की तुला उठवून सांगणार होते. मग वाटलं, काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि तुझ्या कोपराच्या घडीतली भेगाळलेली कातडी वेगळी. ती द्रव्यं आपल्या टबातल्या मूठभर फुलांतून तुझ्या अंगाला कितीशी लागणार? शिवाय तुझा त्रास घामोळ्यांचा नाहीच. तुला एक्झिमा आहे आणि म्युनिकच्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत तो वाढतो. किनवटच्या घामावरचा उपाय मी इथल्या कोरडेपणावर लावत होते. तुला तो पिवळा टब आवडतो का, हेही मी विचारलं नाही.

तेव्हा आता असं करू. डॉक्टरांनी दिलेलं मलम चालूच राहील. आंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात, आणि अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं, ते तू हल्ली विसरतेस. फुलं तू म्हणशील तेव्हाच, आणि जरा आग झाली, लाल झालं तर लगेच बंद. पांढऱ्या टॉवेलवरच्या डागांचं तू म्हणालीस ते बरोबर आहे, ते निघत नाहीत. त्यासाठी माझा जुना हिरवा टॉवेल बाजूला काढून ठेवलाय. ठेवलाय एवढंच, घे असं म्हणत नाही.

पण पाठीवरून हात फिरवायचं मात्र मला लगेच सोडता येणार नाही. नको असेल तेव्हा सांग.

रविवारी आजीचा फोन येईल. यंदा त्या बांधावरचे दोनच पळस राहिलेत, आणि आता तिचे गुडघे दुखतात, तरी तिने स्वतः वाकून ही फुलं वेचलीत. पार्सल मिळालं एवढं तूच सांग. तिने पुढे काही विचारलं तर फोन माझ्याकडे दे.

तुझी,
आई