वाचकांचे प्रश्न : टॅरोचं पान काढल्यावर

तीन महिने रोज सकाळी टॅरोच्या ७८ चित्रपत्त्यांतून एक पान काढते. सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ वाचते आणि दुपारपर्यंत विसरूनही जाते. कुठे चुकतंय?

पुस्तिका फार लवकर उघडताय. छापील अर्थ एकदा वाचला की चित्राकडे बघणं राहूनच जातं, आणि स्वतःकडे बघण्यासाठी पानं काढायची तर सगळा ऐवज चित्रातच आहे. बाजारात सर्रास मिळतो तो रायडर-वेट-स्मिथ संच १९०९ साली लंडनहून निघाला. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यांनी अंकांच्या पानांवरही नुसते कप आणि तलवारी न मांडता प्रसंग रेखाटले.

चार कपांचं पान घ्या. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर गवतावर तीन कप. बाजूला ढगातून एक हात चौथा कप पुढे करतोय, पण याचं तिकडे लक्षच नाही. पुस्तिका म्हणेल ‘कंटाळा, असमाधान’. तुमची नजर मात्र आधी त्या घडी घातलेल्या हातांवर गेली असेल तर तिथेच थांबा. आज मी कुणापुढे अशी बसणार आहे?

दहा मिनिटं पुरतात. आधी वहीत प्रश्न लिहा. पिसा, काटा, वरचं पान घ्या. ते उलगडताना पुस्तकाच्या पानासारखं आडवं फिरवा. खालून वर उचललंत तर सरळ पान उलटं, म्हणजे चित्राचं डोकं खाली, होतं. दोन मिनिटं नुसतं बघा. मग तीन ओळी लिहा: काय दिसलं, नजर आधी कुठे गेली, आजच्या दिवसात हे कुठे बसतं. आता पुस्तिका उघडायला हरकत नाही. रात्री त्याखाली आणखी एक ओळ. ही रात्रीची ओळ बहुतेकजण गाळतात आणि महिन्याने वही चाळली की हाती काहीच लागत नाही.

प्रश्नही तपासा. ‘नोकरी मिळेल का?’ याला चित्र काय सांगणार? ‘मुलाखतीला जाताना मी काय लपवतेय?’ असं विचारलंत तर बोलेल.

आठवड्यात तीनदा ‘आठ तलवारी’ हेच पान आलं. हा संकेत समजायचा का?

आधी पिसणं बघा. रोज एक पान, असं ७८ पानांतून काढलं तर ११ दिवसांत कुठलं तरी पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. एकच पान आठवड्यात तीनदा येणं मात्र विरळा, आणि त्याचं कारण बहुधा हातातच सापडतं. आपण रमी खेळताना पिसतो तसं हातावर पिसलं की पानांचे झुबके जसेच्या तसे सरकतात. एखाद्या पानाला बाक आला असेल तर गठ्ठा नेमका तिथेच काटला जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात नि मुंबईत, दमट पानं एकमेकांना चिकटून जोडीनेच फिरतात.

उपाय सोपा आहे. कोरड्या सुती कापडावर सगळी पानं पालथी पसरा आणि दोन्ही हातांनी मिनिटभर गोल गोल फिरवून गोळा करा. पत्त्यांच्या कडा एकमेकांत फडफडवून पिसायचं असेल तर ५२ पत्त्यांना साधारण सात वेळा लागतं, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं. ७८ ला आठ-नऊ वेळा करा. गठ्ठा डब्यात ठेवताना सिलिका जेलची पुडी टाका.

एवढं करूनही तेच आलं, तर चित्र पुन्हा बघा. डोळे बांधलेली, जखडलेली बाई आणि भोवती तलवारी. पण पाय मोकळे आहेत, समोर एकही तलवार नाही. पहिल्या दिवशी हे दिसलं होतं का?

‘मृत्यू’चं पान निघालं की दिवसभर धास्ती वाटते.

हे तेरावं पान कुणाच्या मरणाची वर्दी देत नाही. त्यात पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा आहे, पण खरं बघायचं ते घोड्यापुढच्या माणसांकडे. राजा कोसळलाय. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. तरुणीने तोंड फिरवलंय. लहान मूल तेवढं सरळ वर बघतंय. काहीतरी संपतंय हे कळल्यावर माणसं अशी चार तऱ्हांनी वागतात. नोकरी सुटताना, मूल शिकायला परगावी जाताना, यातला मी कोण, एवढंच वहीत लिहा. तरीही धास्ती जात नसेल तर पान काही दिवस बाजूला काढून ठेवा. ७७ पानांनी काही अडत नाही.

उलटं पान वाचायचं की सरळ करायचं?

पहिले सहा महिने सरळ करा. पानं कापडावर फिरवली की बरीचशी उलटी होतात, हातावर पिसली तर होत नाहीत. म्हणजे उलटं येणं तुमच्या पिसण्यावर ठरतं.

हे इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे म्हणतात. घरी देवघराजवळ चालेल का?

इजिप्तची कथा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने १७८१ मध्ये पसरवली, तेव्हा तिथली चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातला उत्तर इटलीचा पत्त्यांचा खेळ. ५६ साधी पानं, २१ कायमची हुकुमाची आणि एक ‘मूर्ख’ नावाचं पान. देवघराजवळ ठेवा नाहीतर टीव्हीखाली, फक्त ओल नको.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या गोल पत्त्यांनी हेच करता येईल?

येईल, पण सगळी १२० पानं घेऊ नका. दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, त्यातल्या दहांवर फक्त चिन्हं मोजून काढलेली असतात. मत्स्याच्या सात माशांकडे बघून सुचणार काय? राजा आणि प्रधानाची मिळून वीस चित्रपानं वेगळी काढा. पानं गोल, हाताने रंगवलेली, लाख लावलेली असतात. ती फडफडवून पिसलीत तर कडांचा रंग उडेल, म्हणून कापडावरच फिरवा. उलट्या पानाचा प्रश्नही इथे सोडून द्या; गोल पान कसंही तिरकं पडतं, त्याला सरळ कुठलं म्हणायचं!

उत्तर पटलं नाही की मी पुन्हा काढते, कधी चार-पाचदा.

म्हणजे हवं ते उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. तेच वहीत लिहा आणि गठ्ठा डब्यात ठेवा. आजारपण, औषधं, कोर्टकचेरी आणि नवऱ्याच्या मनात काय चाललंय, हे प्रश्न पानांना विचारू नका. पहिल्या तिघांसाठी जाणकार माणसं आहेत. चौथ्यासाठी नवऱ्यालाच विचारा.