वाचकांचे प्रश्न : लेरिन फ्रँकोची प्रसिद्धी

प्रश्न : पॅराग्वेची भालाफेकपटू लेरिन फ्रँको हिची छायाचित्रे इंटरनेटवर आजही जागोजागी दिसतात, पण पदकविजेत्यांच्या यादीत तिचे नाव सापडत नाही. ती मुळात मॉडेल असून केवळ प्रसिद्धीसाठी ऑलिंपिकला गेली, असे माझे मित्र म्हणतात. हे खरे मानावे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे सनावळीपुढे टिकत नाही. १९८२ साली असुन्सियोन येथे जन्मलेली फ्रँको २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरली आणि तिने ५० मीटरच्या पुढे भाला फेकला. मिस युनिव्हर्ससाठीच्या पॅराग्वेतील निवड स्पर्धेत ती उपविजेती ठरली, ते त्यानंतर दोन वर्षांनी.

तिचा गाजावाजा झाला तो २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी, आणि तोही तिच्या तीन ऑलिंपिकमधील सर्वांत फिक्या कामगिरीनंतर. तिथे तिची फेक ४५.३४ मीटरची झाली आणि ती पात्रता फेरीतच बाद झाली. सुवर्णपदक जिंकणाऱ्या चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोटाकोव्हाची फेक ७१.४२ मीटरची होती. पात्रता फेरीत प्रत्येकीला तीनच फेकी मिळतात आणि दूरचित्रवाणीवर त्या क्वचितच दिसतात, त्यामुळे तिला भाला फेकताना पाहिलेले लोक थोडेच असणार. इन्स्टाग्राम तेव्हा अस्तित्वातही नव्हते. तिला घरोघरी पोहोचवले ते ‘ऑलिंपिकमधील सुंदर खेळाडू’ अशा मथळ्यांच्या छायाचित्रमालांनी, ज्यांत प्रत्येक क्लिकबरोबर नवे पान उघडते आणि जाहिराती पुन्हा दिसतात. नाव वाचून कोणी शोध घेतलाच, तर सौंदर्यस्पर्धा आणि मॉडेलिंगमधील तिची छायाचित्रे आयती सापडत होती. (या मालांमध्ये पुरुष खेळाडू किती असत, हेही आपल्या मित्रांना विचारून पाहावे.)

याचा दोष तिला देणे मला अन्यायाचे वाटते. पॅराग्वेसारख्या देशात, ज्याच्या खात्यावर आजवर २००४ मधील पुरुष फुटबॉलचे रौप्य हे एकमेव ऑलिंपिक पदक आहे, भालाफेकीला फारसे प्रेक्षक मिळत नाहीत, आणि त्या खेळाडूने मॉडेलिंग केले म्हणून तिचा सराव खोटा ठरत नाही. आपल्या नीरज चोप्राची प्रसिद्धी टोकियोतील ८७.५८ मीटरच्या फेकीमागून आली. फ्रँकोची मात्र फेकीला वळसा घालून आली, एवढाच फरक.

प्रसिद्धीनंतर तिने खेळ सोडला असता, तर मित्रांच्या शंकेला काही आधार मिळाला असता. प्रत्यक्षात २०११ मध्ये तिने ५७.७७ मीटरची आपली सर्वोत्तम फेक करून राष्ट्रीय विक्रम नोंदवला. जागतिक पातळीवरील अंतिम फेरीसाठी हे अंतर सहसा अपुरे पडते, हे मान्य. पण बीजिंगमधील तिच्या फेकीपेक्षा ते १२ मीटरहून अधिक आहे. पुढच्या वर्षी ती लंडन ऑलिंपिकमध्येही उतरली.