माठातली उष्णता जाते कुठं?

प्रश्न : बाई, आमच्याकडं दोन माठ आहेत. एक साधा लाल मातीचा, दुसरा बाहेरून ऑइलपेंट दिलेला. साध्यातलं पाणी गार होतं, रंगवलेल्यातलं कोमटच. बाहेर 42 अंश असताना पाणी उष्णता बाहेर टाकतंच कसं? आणि मुंबईला मावशीकडं माठ एवढा गार का होत नाही? (इयत्ता नववी, सोलापूर)

उत्तर : बाळ, फार चांगली शंका काढलीस. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडं जाते, मग माठाचं उलटं कसं, हेच ना? पाण्याचे सगळे रेणू एका वेगानं फिरत नाहीत. पृष्ठभागावरून सुटतात ते जास्त वेगाचे. मागं राहिलेल्यांची सरासरी ऊर्जा घटते, आणि तापमान म्हणजे त्या सरासरीचंच माप. उन्हाळ्याची हवा माठाला उष्णता देतच असते. वाफेबरोबर जाते ती त्याहून जास्त, म्हणून पाणी गार होतं.

किती जास्त, ते वहीत मांड. पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा हे गणित मला मोलाचं वाटतं. 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता जाते. 1 ग्रॅम पाणी 1 अंशानं गार व्हायला मात्र 4.2 ज्यूलच काढावे लागतात. 10 लिटरचा माठ 10 अंशांनी उतरवायचा तर 4,20,000 ज्यूल. भागाकार कर, 175 ग्रॅम येतात. जेमतेम पेलाभर पाणी! हवेकडून उष्णता येत राहते म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त उडतं, एवढंच.

रंगानं माठाची छिद्रं बुजली. पाणी झिरपून बाहेर येईना, मग वाफ व्हायची कशाची?

मुंबईची हवा आधीच बाष्पानं भरलेली. जेवढे रेणू सुटतात त्यातले बरेच परत येतात. सोलापुरात 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर माठ 24 अंशांच्या आसपास उतरू शकतो. मुंबईत 33 अंश आणि 70 टक्के असेल, तर 28च्या खाली नाही.

शाळेतून दोन तापमापी माग. एकीच्या फुग्याला ओली सुती चिंधी गुंडाळ आणि दोन्ही पंख्यासमोर धर. ओलीचा पारा जिथं थांबेल, त्याखाली माठ जात नाही. दुपारी एकदा बघ, वळीव पडून गेल्यावर पुन्हा बघ, आणि दोन्ही वेळचे आकडे मला कळव.